दोर ताणलेला असताना

आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी विंचगाडीवर लागलो. रस्त्यांच्या कामावर ड्रायव्हर म्हणून मला घेतलं होतं. उस्मानाबादला आमचं यार्ड होतं, आणि यार्डात लिंबाखाली लष्करी लिलावातून आलेली एक जुनी मोठी गाडी उभी असायची. तिच्या पुढच्या बंपरला लागून विंच होती. म्हणजे एक लोखंडी ड्रम, त्यावर गुंडाळलेला तारेचा जाड दोर आणि दोराच्या टोकाला आकडा. इंजिनाच्या ताकदीवर ड्रम फिरायचा आणि दोर ओढून घ्यायचा. चिखलात रुतलेली बस, ओढ्यात उलटलेला रोलर, रस्त्यावर आडवं पडलेलं झाड, काहीही असलं तरी ह्याच गाडीला बोलावणं यायचं.

गाडी उस्तादांच्या ताब्यात होती. ते मुसलमान होते, पन्नाशी उलटलेले. निजामाच्या राज्यात हैदराबादला मोटारींचं काम शिकले होते. पोलीस अॅक्शननंतर काही काळ त्यांना काम नव्हतं, घरी बसून होते. त्या काळाबद्दल ते बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. यार्डात सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे आणि पाठीमागं घाबरट म्हणायचे. कारण उस्ताद कुठल्याही कामाला निघायच्या आधी ड्रमवरचा सगळा दोर सोडायला लावायचे, हातात चामडी मोजे घालून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत जायचे आणि मग परत वेढ्याला वेढा लावून गुंडाळून घ्यायचे. तिकडं अडकलेल्या बसमधली माणसं शिव्या देत असली तरी त्यांना घाई नसायची.

मलाही सुरुवातीला ते घाबरटच वाटले. एकदा मी नुसत्या हातानं दोर धरला तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. दुसऱ्यांदा ताणलेल्या दोरावरून मी ढांग टाकून गेलो. तेव्हा त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि मला एका बाजूला नेलं.

"बेटा, हैदराबादला माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस असाच दोर ओलांडत होता. तुझ्याच वयाचा."

"मग?"

"तेवढ्यात दोर तुटला. दोन्ही पाय गेले त्याचे. दोर आला कधी ते कुणाला दिसलंसुद्धा नाही."

एवढंच बोलून ते परत गाडीवर चढले. त्या दिवसापासून माझ्या मनात जी भीती शिरली ती शिरलीच. पुढं मी काम शिकलो. चाकांना दगड लावायचे, गाडीचं मागचं अंग साखळीनं झाडाला बांधायचं, ड्रमवर चार-पाच वेढे नेहमी शिल्लक ठेवायचे, दोरावर ओलं पोतं टाकायचं म्हणजे तुटला तरी त्याचा जोर मरतो. इशारा एकाच माणसानं करायचा, पण थांबायला सांगायचा हक्क सगळ्यांना. हे सगळं हातात बसलं, तरी दोर ताणला गेला की मी नकळत दोन पावलं मागं सरायचो. उस्तादांनी ते ओळखलं होतं. ते मला कधी हसले नाहीत.

त्या वर्षी दोर खराब झाला होता. मध्याच्या जरा अलीकडं एका जागी तारा तुटून कुसळांसारख्या बाहेर आल्या होत्या. उस्तादांनी नवा दोर मागितला होता. पण आधी आमचा माल हैदराबादहून यायचा, आता तो दुसरीकडून यायचा होता, आणि ह्या अदलाबदलीत दोर कुठं अडकला होता कुणास ठाऊक. विंचला एक मऊ लोखंडाची पिन असते. ओझं फार झालं की आधी ती पिन तुटते, म्हणजे दोर वाचतो. मी एकदा म्हणालो, "उस्ताद, पिन आहे ना आपल्याला? मग दोराची काय काळजी?"

ते म्हणाले, "पिन नव्या दोराच्या हिशेबानं केलीय. ह्या दोराचा हिशेब तिला कुठं माहीत?"

हे ऐकल्यापासून तर माझं लक्ष त्या कुसळांच्या जागेवरून हलेनासं झालं.

दिवाळी तोंडावर आली होती. दुपारी मी गाडीखाली ग्रीस भरत होतो तेव्हा ओव्हरसियर साहेब जीप घेऊन यार्डात आले. तरुण माणूस, नुकतेच बदलून आलेले. म्हणाले, तुळजापूरच्या घाटात ट्रक खाली गेलाय, ड्रायव्हर आत अडकलाय, जिवंत आहे. उस्ताद नमाजाला बसले होते. त्यांनी नमाज पुरी केली, टोपी घडी करून खिशात ठेवली आणि दोर सोडायला सांगितलं.

"उस्ताद, आज तरी नको," मी म्हणालो. "माणूस अडकलाय."

"म्हणूनच सोड," ते म्हणाले.

साहेब सारखे इकडून तिकडं फिरत होते. कुसळांच्या जागी उस्ताद जरा जास्त थांबले. मग त्यांनी मान हलवली आणि आम्ही निघालो.  गाडी मी चालवत होतो.

घाट उतरला की सोलापूरच्या वाटेवर माझं गाव, तामलवाडी. त्यामुळं तिथं पोचलो तर जमलेल्या गर्दीत निम्मे चेहरे ओळखीचे. ट्रक सोलापूरहून शहाबादी फरशी घेऊन चढत होता. पावसानं रस्त्याची कड आतून पोकळ झाली होती. वळणावर ती खचली आणि ट्रक मागं सरकून दरीच्या बाजूला कलंडला. फरश्या सगळ्या खाली सांडून गेल्या होत्या. ट्रक उतारावर एका धावड्याच्या झाडाला आणि एका धोंड्याला अडून आडवा पडला होता. क्लीनर उडी मारून वाचला होता. ड्रायव्हरचा पाय आत पत्र्याखाली चेंगरला होता. गावकऱ्यांनी पहारीनं पत्रा उचकटायचा प्रयत्न केला, की ट्रक हलायचा आणि धावड्याच्या मुळातून माती गळायची. म्हणून सगळे हात आखडून उभे होते. खालून ड्रायव्हर ओरडत होता, "ओढा की वर! काय बघत बसलाय? ओढा!"

उस्ताद उतारावर बसत बसत खाली गेले, ट्रकभोवती फिरून आले आणि साहेबांना म्हणाले, "ओढायचा नाही. ओढला तर पत्रा आणखी दाबला जाईल. नुसता धरून ठेवायचा. मग पत्रा कापून माणूस काढायचा."

"किती वेळ लागेल?" साहेबांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

आम्ही गाडी रस्त्यात आडवी लावली, तोंड दरीकडं. मागच्या बाजूला डोंगराच्या अंगाला एक लिंब होता, त्याला साखळी घातली. चाकांपुढं धोंडे लावले. कडेच्या दगडावर दोर घासू नये म्हणून तिथं बाभळीचा ओंडका आडवा टाकला. गावातून मोटेचे नाडे, म्हणजे विहिरीवरचे जाड दोरखंड, आणायला सांगितले. ते ट्रकच्या मागच्या बाजूला बांधून उतारावरच्या झाडांना आवळले. पण खरा भार आमच्याच दोरावर येणार होता. अंतर जास्त होतं, दोर दुहेरी करायला पुरत नव्हता. एकेरीच लावावा लागणार होता, आणि कुसळांची जागा ड्रम आणि ओंडका यांच्या मधोमध, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येत होती.

आजवर ताण असताना विंच चालवायला गाडीत उस्ताद बसायचे आणि मी खाली असायचो. मी आपला आकडा घेऊन खाली निघालो, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"तू वर बस. मी जातो."

"उस्ताद, मी जातो खाली. तुम्ही…"

"पत्रा मला कापता येतो, तुला येत नाही. वर बस. साहेबांच्या हाताकडं बघ, दुसरीकडं बघू नको. मी साहेबांना सांगीन, साहेब तुला सांगतील."

ज्या माणसानं आम्हाला ताणलेल्या दोराच्या जवळपास फिरकू दिलं नाही, तो आता त्या दोराच्या टोकाला, ट्रकच्या पोटात शिरणार होता. मी चढून बसलो. काचेपुढं उस्तादांनीच बसवलेली लोखंडी जाळी होती, तिच्यातून समोरचं दिसत होतं. ओंडक्यापलीकडं दोर खाली वळायचा आणि नाहीसा व्हायचा. उस्ताद दिसत नव्हते, ट्रकही दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त साहेब, दोरापासून लांब एका धोंड्यावर उभे.

त्यांनी बोट फिरवलं. मी क्लच सोडला. ड्रम हळूहळू फिरला, दोर जमिनीवरून उचलला गेला, ताठ झाला. खालून लोखंड कण्हल्यासारखा आवाज आला. साहेबांनी मूठ वर केली. मी क्लच दाबला आणि तसाच दाबून धरला. भार विंचचा ब्रेक धरत होता, पण खालून कधी इशारा येईल नेम नव्हता म्हणून गिअर घातलेलाच होता, आणि पाय सुटला असता तर ड्रम परत फिरला असता. पाय काढायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

मग वाट बघणं सुरू झालं. इंजिन मंद चालू. खालून करवतीचा खर्र खर्र आवाज. मधूनच ड्रायव्हरचं ओरडणं, मधूनच उस्तादांचं समजावणं. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता, लहान पोराला झोपवताना असतो तसा.

तेवढ्यात उजवीकडून कुणीतरी हातात तांब्या घेऊन चालत आलं. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. ते सरळ दोराच्या दिशेनं निघाले होते, पलीकडून खाली उतरायची वाट सोपी होती म्हणून.

"तात्या, मागं सरा!" मी ओरडलो.

"आरं, पानी घिऊन चाललोय त्येला. घसा वाळलाय बिचाऱ्याचा."

"तिकडनं न्हाय! दोर वलांडू नका!"

"मला म्हाताऱ्याला काय व्हतंय?" म्हणत त्यांनी धोतराचा सोगा उचलला आणि एक पाय दोरापलीकडं टाकायला घेतला.

मला उठता येत नव्हतं. पाय क्लचवर होता. माझ्या तोंडून शिवी गेली. सख्ख्या चुलत्याला, सगळ्या गावासमोर. तात्या जागच्या जागी थांबले. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला आजही ते आठवतं. मग ते पाय मागं घेऊन, तांब्या तसाच धरून, लांबच्या वाटेनं वळले.  त्यानंतर मात्र कुणी पुढं आलं नाही.

उन्हं कलू लागली. साहेबांनी हाक दिली, "उस्ताद म्हणतात, बोटभर वर घ्या. पाय सुटतोय."

बोटभर. ड्रमला बोटभर म्हणजे काय, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी क्लच जितका हळू सोडता येईल तितका सोडला. ड्रम हलला. त्याच क्षणी खालून किंकाळी आली आणि साहेबांचे दोन्ही हात वर गेले. मी क्लच दाबला. किंकाळी थांबली. मग काहीच ऐकू येईना. करवत नाही, बोलणं नाही. साहेब खाली वाकून बघत होते. मला वाटलं, मारला मी त्याला. उस्तादांनाही मारलं असेल. 

आणि त्या शांततेत मला टिक् असा आवाज आला. ओल्या पोत्याखालून. जरा वेळानं परत, टिक्. बाजरीची काडी मोडल्यासारखा. कुसळांच्या जागी एकेक तार तुटत होती.

"साहेब," मी ओरडलो, "दोर तुटायला लागलाय! उस्तादांना वर बोलवा!"

 साहेबांनी खाली वाकून तेच ओरडून सांगितलं. खालून उस्तादांचा आवाज आला, आणि ह्या वेळी शब्द मला नीट ऐकू आले.

"त्याला म्हणावं, हलवू नको. ना वर, ना खाली. आवाज ऐकत बसू नको."

"अहो, पण तुम्ही वर या!" साहेब म्हणाले.

"पाय हातात आलाय त्याचा. सोडून कसा येऊ?"

करवत परत सुरू झाली. ड्रायव्हर जिवंत होता, आता नुसता कण्हत होता.  मी दोन्ही हातांनी क्लचवरच्या पायाचा गुडघा दाबून धरला. आवाज ऐकायचा नाही असं ठरवलं आणि फक्त तोच ऐकत राहिलो. एक तार गेली की मला वाटायचं, ही शेवटची. मी देवाला काय काय बोललो ते आठवत नाही. उस्तादांच्या घरी मी जायचो, त्यांच्या बायकोच्या हातचं खाल्लं होतं. त्यांना जाऊन काय सांगायचं, ह्याची वाक्यं माझ्या डोक्यात आपोआप जुळत होती, आणि मी ती मोडत होतो, परत जुळत होती.

मग गावातले चारजण लांबच्या वाटेनं खाली उतरले आणि घोंगडं धरून वर आले. घोंगड्यात ड्रायव्हर. त्याचा गुडघ्याखालचा भाग मी बघितला आणि नजर वळवली. लोक त्याला जीपकडं घेऊन धावले. पण उस्ताद वर आले नव्हते. ते खाली राहिलेले नाडे तपासत होते, अवजारं गोळा करत होते असं नंतर कळलं. दोरापासून चांगला लांब वळसा घालून, दम खात, ते रस्त्यावर आले. साहेबांजवळ जाऊन त्यांनी स्वतः मला हात केला, ढील दे. मी दोर सैल सोडला. ट्रक झाडावर आणि नाड्यांवर रेलला, जागचा हलला नाही. इंजिन बंद केलं. उतरलो आणि बंपर धरून उभा राहिलो.

उस्ताद रस्त्याच्या कडेला मटकन बसले. त्यांनी पाणी मागितलं. तात्यांनीच तांब्या पुढं केला. उस्तादांचे हात इतके कापत होते की पाणी दाढीवर आणि सदऱ्यावर सांडलं. यार्डातली माणसं म्हणायची ते खरंच होतं, उस्ताद घाबरले होते. खाली असतानाही ते घाबरलेलेच असणार.

तिन्हीसांजेला ट्रकचा मालक सोलापूरहून आला. त्याला ट्रक लगेच वर हवा होता. उस्ताद म्हणाले, "आज नाही." मालकानं हात जोडले, मग आवाज चढवला. साहेबांनी त्याला बाजूला नेऊन समजावलं. त्या दिवशी काम झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लांब साखळी आणि कप्पी घेऊन गेलो, म्हणजे दोर दुहेरी करून निम्मा भार करता येईल. उस्तादांनी खराब जागा परत बघितली. मालकाला सांगितलं, की हा दोर ट्रक ओढून काढील असं मी म्हणत नाही. तुटला तर ट्रक जाईल. चालेल? मालक म्हणाला, तसाही तो जाणारच आहे, बघा प्रयत्न करून. मग उस्तादांनी सगळी गर्दी वळणापलीकडं नेऊन बसवली. बायका, म्हातारे, पोरं, मालक, सगळे. साहेबांनाही त्यांनी आणखी मागं जायला सांगितलं. खाली कुणी नव्हतं. वर गाडीत मी एकटा, आणि इशाऱ्याला लांब बाजूला उस्ताद.

ट्रक हलला. धावड्यापासून सुटला, थोडा वर आला. गर्दीत कुणीतरी शाबास म्हणालं. मग त्याचा मागचा आस एका धोंड्याला अडकला. उस्तादांनी हात वर करायला आणि दोर तुटायला एकच गाठ पडली.

बंदूक सुटावी तसा आवाज झाला. काचेपुढची जाळी धाडकन आत वाकली. मी खाली वाकलो होतो का नाही, आठवत नाही. डोकं वर केलं तेव्हा पोतं लिंबाच्या फांदीवर लटकत होतं, आणि ट्रक खाली कोसळत होता, एकेक धोंडा घेत, खालच्या ओढ्यापर्यंत. तो थांबल्यावरही बराच वेळ बारके दगड घरंगळत होते.

दोर बरोबर कुसळांच्या जागीच तुटला होता. कालच्याच जागी. मी तुटलेलं टोक हातात घेऊन बघितलं. कालच्या कुठल्याही घटकेला हे होऊ शकलं असतं.

मालक डोकं धरून बसला होता. तात्या चालत आले. काल ते जिथं धोतराचा सोगा उचलून उभे होते, तिथली झुडपं दोरानं मुळापासून उडवून नेली होती. ते जरा वेळ त्या जागेकडं बघत राहिले. कालच्या शिवीबद्दल ते काही बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "चल, घरी भाकर खाऊन जा. उस्तादांस्नी बी घे."

आम्ही गेलो. 

त्यानंतर माझी झोप गेली. बायको म्हणायची, अंगाला हात लावला तरी तुम्ही दचकता. मी उस्तादांना म्हणालो, मला रोलरवर टाकायला सांगा, हे काम माझ्यानं होणार नाही.

"भीती वाटते?"

"व्हय."

"मलाही वाटते. रोजच."

"मग तुम्ही कसं करता?"

 "काम असतं तेव्हा करतो. घरी गेल्यावर कधीकधी जेवण जात नाही. बायको ओरडते," ते म्हणाले. "रोलरचं साहेबांना सांगायचं असेल तर सांगतो मी. तू म्हणशील तेव्हा."

मी काही म्हणालो नाही, म्हणून ते राहून गेलं.

महिन्याभरानं आम्ही दोघं सोलापूरला दवाखान्यात ड्रायव्हरला बघायला गेलो. त्याचा पाय गुडघ्याखाली कापला होता. उस्तादांनी केळी नेली होती. ड्रायव्हरनं आम्हाला ओळखलं. त्यानं केळ्यांकडं बघितलं नाही.

"मी ओढा ओढा म्हणत होतो," तो म्हणाला, "तेव्हा का ओढलं नाही तुम्ही? दुपारीच काढलं असतं तर माझा पाय राहिला असता. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला."

मी बोलायला तोंड उघडलं. दोर सांगायचा होता, तुटणाऱ्या तारा सांगायच्या होत्या, दुसऱ्या दिवशीचा ट्रक सांगायचा होता. उस्तादांनी माझा दंड धरला.

"हो. उशीर झाला खरा," ते ड्रायव्हरला म्हणाले. "दुखतं का आता?"

"रात्री दुखतं."

"घरचं कोण आहे जवळ?"

ड्रायव्हर हळूहळू बोलायला लागला. बायको भाकरी आणायला गेली होती, पोरगी लहान होती. उस्ताद ऐकत बसले. आम्ही निघताना त्यानं राम राम केला नाही, पण उस्तादांचा हात मात्र जरा वेळ धरून ठेवला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "त्याला खरं काय ते सांगायला पाहिजे होतं."

"त्याचा पाय गेलाय," उस्ताद म्हणाले. "तो बोलणारच. कुणाला तरी बोलणारच ना?"

परतीच्या बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकून झोपले. मी जागाच होतो. एकेरी दोरावर ओढायला लागलो असतो तर काय झालं असतं, आणि कापणं थोडं लवकर उरकलं असतं तर काय झालं असतं, दोन्ही मी पुन्हापुन्हा करून बघत होतो. त्याचा हिशेब मला तेव्हाही लागला नाही आणि पुढंही कधी लागला नाही.

पुढच्या पावसाळ्यात उस्ताद तापानं आजारी पडले. त्याच दिवशी बेंबळीजवळ ज्वारीची पोती भरलेली गाडी ओढ्याच्या काठी चिखलात आसापर्यंत रुतल्याचा निरोप आला. तोवर नवा दोर आला होता. मी उस्तादांच्या घरी जाऊन आलो. ते अंथरुणावर होते, डोळे लाल. मी म्हणालो, उद्यावर ढकलतो. ते म्हणाले, ओढ्याला पाणी वाढलं तर? जा तू.

मी एकटा गेलो. दोर नवा होता तरी सगळा सोडला, मोजे घालून चाचपला, परत गुंडाळला. बाभळीला साखळी घातली, चाकांना धोंडे लावले, पोतं भिजवून टाकलं. लोकांना लांब नेऊन बसवलं. ते परत जवळ आले, परत नेलं. एका पाटलांना तर मी हात जोडले.  दोर ताणला, तेव्हा मी कान देऊन ऐकलं. पावसाच्या थेंबांशिवाय काही ऐकू आलं नाही. गाडी चिखलातून हळूहळू सुटली, काठावर आली, रस्त्याला लागली.

गाडीवाला भिजून चिंब झाला होता. त्यानं पोत्यांवरची ताडपत्री सारखी केली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "लई येळ लावला बुवा तुमी. ज्वारी भिजली न्हवं माझी."

"व्हय, लागला येळ," मी म्हणालो, आणि दोर गुंडाळायला वाकलो.